झाडूमागचा टोप

पालेखाडी हे वसईच्या किनाऱ्यावरचे गाव. फादर जुझे तेथे धर्मगुरू म्हणून आले ते एक ट्रंक आणि एक छत्री घेऊन. एकवीस वर्षांनी त्यांनी देह ठेवला, तेव्हा ट्रंक खोलीत होती. छत्री मात्र आपल्याला दिली, असे गावातली तीन घरे आजही शपथेवर सांगतात. आणि तिन्ही घरांत छत्री आहे. अशा सत्पुरुषाची ही हकिगत.

त्या वर्षी गावच्या संताचा सण नेमका राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी आला. म्हणून फादरांनी तो आधीच्या रविवारी ठेवला. चर्चमधल्या मिस्सा-प्रार्थनेनंतरचा अल्पोपाहार बस्त्याव लोपीसकडे होता. आपल्याला विचारल्याशिवाय गावात घंटाही वाजत नाही, असे बस्त्यावचे मत होते. त्याने केटररला कोंबडीचे तीनशे पॅटिस सांगून ठेवले होते.

सकाळी रुजायबाय डोक्यावर टोप घेऊन आली. मुलगी तापातून उठली, तर सणाला सगळ्या गावाला चणे वाढीन, असा तिचा नवस होता. मुलगी उठली. टोप मात्र घरात होता तेवढाच होता.

"रुजायबाय, चणे मे महिन्यात, रस्त्यावरच्या क्रुसाकडे प्रार्थनेनंतर वाटायला शोभतात," बस्त्याव म्हणाला. "आज शेजारच्या गावची माणसं येणार. त्यांच्यापुढे काय घोड्यांचा चारा ठेवू?"

"नवस आहे, दादा. टोप परत नेला, तर देवाला काय सांगू?"

"चाळीस माणसांचा टोप, नि नवस गावाचा! गल्लीत वाटून टाक जा."

त्याने टोप उचलून मांडवाच्या कोपऱ्यात झाडूमागे ठेवला. रुजायबाय टोपाशेजारी बसून राहिली.

मिस्सा संपली. तीनशे माणसे मांडवात बसली. केटररच्या टेम्पोचा पत्ता नव्हता. बस्त्याव रस्त्यावर जाऊन आला, पुन्हा जाऊन आला. तिसऱ्या खेपेस रस्त्यातच त्याला आठवले. केटररला तारीख सांगताना तो म्हणाला होता, "दरवर्षीचीच." दरवर्षीची तारीख बुधवारी होती.

फादर शेजारी येऊन उभे राहिले.

"फादर, गावाचं नाक गेलं."

"नाकाचं नंतर बघू. आधी पोटाचं," फादर म्हणाले. "रुजायचा टोप कुठे आहे?"

"झाडूमागे."

"आण. आणि तूच वाढ. वाढणारा शेवटी खातो, ही आपली रीत ठाऊक आहे ना?"

फादरांनी टोपावर क्रुसाची खूण केली. बस्त्याव वाढू लागला. पहिली पंगत झाली, टोप अर्धा. दुसरी झाली, टोप अर्धा. आपलाच हात आखडतो आहे असे वाटून त्याने पळी शिगोशीग भरली. टोप अर्धाच. त्याने टेबलाखाली वाकून पाहिले.

"दुसरा टोप कुठे लपवलायस?" त्याने रुजायबायला हळूच विचारले.

"असता तर आधीच आणला नसता का, दादा?"

"भाऊ, इकडे आणखी थोडे," एक पाहुणा म्हणाला. "मीठ अगदी बेताचं पडलंय."

बस्त्यावचे डोके केव्हाच थांबले होते. हात तेवढा चालत होता.

शेवटच्या माणसाला वाढून त्याने टोपात डोके घातले. तळाशी एका माणसापुरते चणे होते.

"फादर, हे झालं कसं?" टोपातूनच आवाज आला.

"मलाही कळलं नाही," फादर म्हणाले. "खाऊन घे. निवतील."

त्याने खाल्ले. मग टोप घासला आणि स्वतःच्या डोक्यावर घेऊन रुजायबायच्या घरी पोचवला. वाटेत भेटलेल्यांनी काय झाले म्हणून विचारले. तो टोपाकडे बोट दाखवून पुढे चालला.

बुधवारी टेम्पो आला. त्या दिवशी गावात मांसाला कोणी शिवत नाही. बस्त्याव टेम्पोत बसून गावाबाहेरच्या वीटभट्टीवर गेला, मजुरांना पॅटिस वाढले आणि उपाशीपोटी परत आला.

संध्याकाळी कपाळाला राख लावून घ्यायला चर्चमध्ये रांग लागली. बस्त्याव आजवर पहिला असे. त्या दिवशी तो सर्वांच्या शेवटी, रुजायबायच्या मागे उभा होता.

"पॅटिस पुरले?" फादरांनी विचारले.

"पुरले, फादर. मोजले नाहीत," बस्त्याव म्हणाला, आणि त्याने मान खाली वाकवली.