कोऱ्या रकान्यातली गावे

एकदा एका दुष्काळी तालुक्याच्या पाणी कचेरीत एक वृद्ध नोंदपाल होते. गावोगावच्या विहिरींच्या पातळीची नोंद त्यांनी चाळीस वर्षे राखली होती. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांच्या हाताखाली शिकणारी शर्वाणी बुद्धीने तल्लख होती, आणि हे तिला स्वतःलाही चांगलेच ठाऊक होते.

तिने साऱ्या नोंदी संगणकात भरल्या आणि त्यांना एआयचे भाषा-प्रारूप, म्हणजे माणसाची भाषा समजणारे यंत्र, जोडले. साध्या मराठीत प्रश्न विचारावा, यंत्राने त्यावरून संगणकाच्या भाषेत आज्ञा लिहावी, की क्षणात उत्तर हजर! उत्तराखाली ती आज्ञा आणि तिचा मराठी अर्थही दिसत असे. कचेरीच्या साहेबांना ते किचकट वाटले, म्हणून शर्वाणीने ती ओळ झाकून टाकली.

चैत्रात साहेबांनी विचारले, "विहिरीत पाणी कमी असलेली गावे कोणती?" यंत्राने नऊ नावे दिली. शर्वाणीने यादी नानांना न दाखवताच पुढे पाठवली आणि नऊ गावांना टँकर सुरू झाले. साहेब खूश, शर्वाणी त्यांच्याहून खूश.

पाचव्या दिवशी भर दुपारी करंजवाडीची हौसाबाई रिकामा हंडा घेऊन कचेरीत येऊन थडकली. "आमची हीर ठणठणीत कोरडी हाय. पोरं चार दिस डबक्यातलं पाणी पित्यात. टँकर कुटं हाय?"

शर्वाणीने पडद्यावर पाहिले. "तुमचं गाव यादीत नाही, बाई. म्हणजे तुमच्याकडे पाणी कमी नाही."

"मग मी खोटं बोलतीया व्हय?" हौसाबाईने हंडा टेबलावर आदळला.

समोर कोरडा हंडा वाजत असताना पडद्याकडे बघून 'पाणी आहे' असे सांगायला किती शिकावे लागत असेल, कोण जाणे!

नाना जागेवरून उठले. त्यांनी हौसाबाईला खुर्ची दिली, आधी तिला पोटभर पाणी पाजले. मग माठातून तांब्या भरून ते टेबलांमधून फिरू लागले. जाता जाता शर्वाणीचा पेला उचलून त्यांनी खिडकीत ठेवला. "ज्यांच्या पेल्यात पाणी कमी आहे, त्यांनी पेला पुढे करा." एकेक पेला भरत तांब्या शर्वाणीपाशी आला आणि तसाच पुढे गेला. उन्हाने तिचाही घसा सुकला होता.

"नाना, मला का वगळलंत? सगळ्यांसमोर हा अपमान कशासाठी?"

"तुझ्या पेल्यात पाणी कमी आहे का?"

"पेलाच कुठे आहे माझ्याकडे? तुम्हीच तर उचललात!"

"मग माझ्या प्रश्नात तू बसत नाहीस."

नानांचा आवाज आता चढला. "आपला मोजणीदार विहिरीत दोर सोडतो. पाणी लागलं तर आकडा लिहितो. दोर कोरडा वर आला तर रकाना कोरा ठेवतो. मोजायला पाणीच नाही, तर लिहिणार काय? कोरा रकाना दिसला की मी पहिला टँकर तिथे धाडत आलो. तुझ्या यंत्राने कमी आकडे शोधले. जिथे आकडाच नाही, तिथे ते कसं थांबेल? त्याला आपली रीत कुणी सांगितली नव्हती, त्याच्यावर माझा राग नाही. राग तुझ्यावर आहे! आपण काय शोधलं हे ते लिहून दाखवत होतं, ती ओळ तू झाकलीस. मोजणीदाराला एका शब्दाने विचारलं नाहीस. आणि ही बाई उन्हातून हंडा घेऊन आली, तर तिलाच खोटी ठरवलीस!"

शर्वाणीने मान खाली घातली आणि झाकलेली ओळ उघडली. 'पातळी एक मीटरहून कमी', एवढेच तिथे लिहिले होते. तिने नवा प्रश्न टाकला: ज्या गावांच्या विहिरींचा रकाना कोरा आहे, ती गावे कोणती? तेरा नावे आली. तिसरे करंजवाडी.

"मावशी, चूक माझी आहे," ती म्हणाली. "टँकर आत्ता निघेल."

"आमचं ऱ्हाऊ दे. बाकीच्या बारा वाड्यांची नावं वाच मोठ्यानं," हौसाबाई म्हणाली. "तितनं कुणी भांडाया येनार न्हाई. पान्याबिगर एवढं चालवंल कुनाला?"

शर्वाणीने तेराही नावे उभ्याने वाचली. त्या दिवशी ती पहिल्या टँकरमध्ये हौसाबाईशेजारी बसून गेली. ती ओळ तिने पुन्हा कधी झाकली नाही.

उत्तर हाती आले, की ते काय शोधून आले हे आधी पाहावे, आणि त्या शोधात कोण मोजलेच गेले नाही, हेही.