दोन कुंपणांमधली जागा

फार वर्षांपूर्वी अमेरिकेच्या माळरानावर युरोपातून आलेल्या चेक शेतकऱ्यांनी नोवा ल्होता नावाचं गाव वसवलं. त्या गावची व्लास्ता दूर शिकागोला सुईणपण शिकायला गेली. तिथे भेटेल त्याला ती सांगायची, आमचं गाव म्हणजे एक घर आहे. आमच्या लोकांनी मातीच्या झोपड्यांत एकत्र हिवाळे काढले, एकाच भट्टीत पाव भाजले. परतताना तिला वाटलं, ते घर दिसेल. दिसलं ते कुंपण. गावच्या दफनभूमीच्या मधोमध उभं. अलीकडे चर्चची माणसं पुरायची, पलीकडे चर्च न मानणारी. जिवंत माणसांनी विहिरीही तशाच वाटून घेतल्या होत्या.

असं म्हणतात, त्या वर्षी थंडी लवकर उतरली. व्लास्ताच्या बहिणीला, अनेझ्काला, मूल झालं ते मेलेलंच. अनेझ्का चर्चची, तिचा नवरा वोयतेक पलीकडचा. फादर म्हणाले, बाप्तिस्मा न झालेल्याला पवित्र मातीत जागा नाही. पलीकडचा म्होरक्या मातेयकाका जागा द्यायला तयार झाला, पण क्रूस चालणार नाही म्हणाला. क्रूसाशिवाय अनेझ्का बाळ हातचं सोडेना.

व्लास्ता बाळासाठी जागा मागत दारोदार फिरली. शेवटी मातेयकाकाला म्हणाली, "काका, तुम्ही सगळे एकाच बोटीतून आलात ना?"

"आलो की. पण बोटीत कुंपण घालायला लाकूड नव्हतं, पोरी," काका म्हणाला, आणि भोवतालचे हसले.

संध्याकाळी व्लास्ताने कुंपणाचा मधला खांब उपटला आणि तिथेच कुदळ मारली. असं म्हणतात, सारा माळ गोठून लोखंड झाला होता, पण तेवढी जमीन लोण्यासारखी उघडली आणि आतून ऊबदार वाफ आली. बाळाला ठेवलं. अनेझ्काने दोन काटक्यांचा क्रूस रोवला. वोयतेकने तो काढला नाही. व्लास्ताला वाटलं, सकाळी गाव लाजेल आणि उरलेलं कुंपणही काढेल.

सकाळी पाहते तो एकाची दोन कुंपणं झालेली. दोन्हीकडच्यांनी मागे सरून आपापलं कुंपण घातलं होतं आणि थडगं दोघांच्याही हद्दीबाहेर ठेवलं होतं. खिळे कमी पडले तेव्हा एकमेकांकडून घेतले होते. इतक्या गोडीने त्या गावाने कधीच काम केलं नव्हतं.

दोन कुंपणांमधली ती पट्टी आजही आहे. असं म्हणतात, दर हिवाळ्यात ती बोटभर रुंद होते, आणि कुंपणं तर कुणी हलवलेली नसतात. दरवर्षी जमीन गोठण्याआधी दोन्हीकडची माणसं येतात, एकमेकांशी न बोलता तिथे एक खड्डा खणून ठेवतात. ज्याला कुणीच घेणार नाही त्याच्यासाठी. त्याला व्लास्ताचा खड्डा म्हणतात. बर्फ वितळेपर्यंत तो रिकामा राहिला, असं अजून झालेलं नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी ती दोन कुंपणं पाहून व्लास्ताने शिकागोला परत जायला सामान बांधलं होतं. घोडागाडी दारात होती. अनेझ्काने विचारलं, "निघालीस?"

व्लास्ताने पुन्हा त्या दोन कुंपणांकडे पाहिलं. गाव एक करायचं तिने तिथल्या तिथे सोडून दिलं.

"नाही," ती म्हणाली. "माती मऊ आहे तोवर अजून एक खणून ठेवते. या गावाला लागेल."

आणि तिने गाडी परत पाठवली.