झूलकार पिंगलाचा द्वारपाल

फार पूर्वी रत्नावती नगरीत महाबल राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्वाने एका गरीब मोळीविक्याच्या घरी जन्म घेतला होता. तेव्हा त्याचे नाव सोमिल होते. मोठा झाल्यावर तो धनगुप्त नावाच्या श्रेष्ठीच्या पेढीवर कामाला लागला. काम दिसायला सोपे होते. कर्ज थकवणाऱ्याच्या दारात जायचे, ओट्यावर बसायचे आणि उपास करायचा. दाराशी माणूस उपाशी असताना घरातल्यांनी अन्नाला शिवू नये, असा त्या नगरीचा रिवाज होता. त्यामुळे बहुतेक कर्जदार दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुठून ना कुठून पैसे उभे करीत. धनगुप्ताची बाकीची माणसे ओट्यावर बसून शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने शिव्या देत. सोमिल नुसता बसे. कर्जदाराचे घर पेढीच्या ताब्यात आले, तर त्याच्या किमतीचा दहावा हिस्सा बसणाऱ्याला मिळत असे. सोमिलाला तो आजवर एकदाही मिळाला नव्हता.

त्याच नगरीत पिंगल नावाचा झूलकार राहत होता. हत्तींच्या झुली शिवण्याचा त्याचा धंदा आजोबांपासून चालत आलेला. राजाच्या पदरी बावीस हत्ती होते, महिन्यातून दोन मिरवणुका निघत आणि प्रत्येक मिरवणुकीला नव्या झुली लागत. पिंगलाच्या हाताखाली पाच कारागीर होते. त्याच्या खांद्यावर जरीकाठी उत्तरीय असे आणि गल्लीत कुणाच्या घरी पाळणा हलला की त्याच्याकडून लाडवांची परात जात असे.

एके दिवशी भर मिरवणुकीत राजा हत्तीवरून पडला. पडला तो थेट एका मिठाईवाल्याच्या अनारशांच्या राशीत, म्हणून वाचला. त्याला खरचटलेदेखील नाही, पण दोन मंत्री त्याच्या दाढीतून अनारशांचा चुरा वेचत असताना त्याने ठरवून टाकले की पुन्हा हत्तीवर पाय ठेवायचा नाही. तो पालखीतून हिंडू लागला. हत्तींना लाकडे ओढायला रानात धाडले गेले. लाकडे ओढणाऱ्या हत्तीला झूल कोण घालतो?

पिंगलाला वाटले, राजाचे मन ते, चार महिन्यांत फिरेल. ते फिरले नाही. कारागिरांना त्याने घरी पाठवले, पण काम नाही असे न सांगता सुटी दिली असे सांगितले. उत्तरीय खांद्यावर राहिले. लाडवांची परातही जात राहिली, कारण ती थांबली असती तर गल्लीने कारण विचारले असते. आधी त्याने घर गहाण टाकून धनगुप्ताकडून कर्ज काढले, मग त्याचे व्याज भरायला मेहुण्याकडून उसने घेतले आणि मेहुण्याचे तोंड चुकवायला तो लांबच्या रस्त्याने देवळात जाऊ लागला. पत्नी सुभगेला त्याने यातले अवाक्षर सांगितले नव्हते. तिला उगाच काळजी नको, असे तो मनाशी म्हणे. खरे म्हणजे तिच्या तोंडाकडे बघून ते बोलायची त्याची छाती होत नव्हती. त्यात मुलीचे, माधवीचे, लग्न ठरले होते आणि सोयऱ्यांची समजूत अशी होती की आपण एका मोठ्या घराशी नाते जोडतो आहोत.

अशात एके दिवशी सकाळी सोमिल येऊन ओटा झाडून बसला.

पिंगलाने त्याला खिडकीतून पाहिले आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले. तेवढ्यात सुभगेने आतून विचारले की बाहेर कोण आहे. पिंगलाच्या तोंडून निघून गेले, की लग्नघर आहे म्हणून द्वारपाल ठेवला आहे. सुभगेने बाहेर डोकावून त्या माणसाला नीट न्याहाळले आणि ती आत गेली.

आता रिवाजाचे काय करायचे, हा प्रश्न होता. पिंगलाने दुसरी थाप मारली. मुलीच्या सौभाग्यासाठी घरातल्या सर्वांनी निर्जळी नसले तरी निराहार व्रत धरायचे, असे त्याने जाहीर केले. सुभगा चटकन हो म्हणाली. ती इतक्या लगेच कशी तयार झाली, याचे पिंगलाला थोडे नवल वाटले, पण सुटलो असे वाटून त्याने तो विचार सोडून दिला.

दुसऱ्या दिवसापर्यंत गल्लीभर झाले. पिंगलाने द्वारपाल ठेवला आहे आणि द्वारपालसुद्धा धन्याबरोबर व्रत पाळतो, याचे लोकांना फार कौतुक वाटले. कुणी सोमिलालाच विचारले तर तो सांगे की घरधन्यांना विचारा, माझ्याविषयी तेच सांगतील. हे उत्तर लोकांना द्वारपालाला शोभेसेच वाटले. पिंगलाच्या पोटात कावळे ओरडत होते, तरी शेजाऱ्यांचे नमस्कार घेताना त्याला बरे वाटत होते. गेल्या वर्षभरात इतके नमस्कार त्याला मिळाले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मंडन नावाचा तेलाचा व्यापारी आला. माणूस सरळ होता आणि त्याच्याकडे पैसा पडून होता. ज्याच्या दाराशी द्वारपाल बसतो त्याला कर्ज देण्यात धोका कसला, असा त्याचा हिशेब. लग्नासाठी लागेल ती रक्कम घ्या, फक्त घर तारण लिहून द्या, असे तो म्हणाला. पिंगलाला आकाश ठेंगणे झाले. घर आधीच धनगुप्ताकडे गहाण होते, हे त्या क्षणी त्याने आठवूच दिले नाही. एक घर दोघांकडे गहाण टाकणाऱ्याला रत्नावतीत जन्मभराचे दास्य सांगितलेले होते, तेही नाही.

मंडनाने खत लिहून आणले. हे घर पूर्ण माझे आहे, यावर कुणाचा बोजा नाही, असे त्यात होते. खाली साक्षीदाराची जागा मोकळी होती. मंडनाने आजूबाजूला पाहिले आणि तो म्हणाला, बाहेरून कशाला कुणाला बोलवायचे, तुमचा द्वारपाल आहेच.

पिंगलाच्या हातातली लेखणी थांबली.

सोमिल उठून जवळ आला. त्याने खत वाचून दाखवायला सांगितले आणि ते शांतपणे ऐकून घेतले. त्याने अंगठा उमटवला असता किंवा नुसता गप्प राहिला असता, तरी महिन्याभरात सारे उघडकीला आले असते, घर धनगुप्ताच्या ताब्यात गेले असते आणि दहावा हिस्सा सोमिलाच्या पदरात पडला असता. तेवढ्यात दोन गाई आणि डोक्यावर एक छप्पर सहज झाले असते. पण त्याने समोरच्या माणसाकडे पाहिले. तीन दिवसांच्या उपासाने पिंगलाचे गाल बसले होते आणि जरीकाठी उत्तरीय खांद्यावरून सारखे घसरत होते. सोमिलाला त्याची दया आली.

तो म्हणाला, "धनी, साक्षीला मी उभा राहतो. पण साक्षीदार कोण ते आधी या सावकाराला कळायला हवं. मी कोण आहे, ते तुम्ही एकदा सांगा. मी सांगितलं तर ती चुगली होईल. तुम्ही सांगितलंत तर तुमचं घर वाचेल."

पिंगल म्हणाला, हा दारात बसतो. मंडन म्हणाला, ते दिसतेच आहे. पिंगल म्हणाला, तीन दिवसांपासून बसतो. मंडनाने मान हलवली. पिंगलाने घसा खाकरला, छताकडे पाहिले, राजाच्या हत्तींचा विषय काढून पाहिला. सुभगा दाराच्या आड येऊन उभी राहिली होती. शेवटी पिंगल खाली बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "हा धनगुप्त श्रेष्ठींचा माणूस आहे. माझं कर्ज थकलंय म्हणून बसलाय. हे घर गहाण आहे."

मंडनाने खत गुंडाळले. मग ते पुन्हा उलगडून पाहिले, कपाळाचा घाम पुसला आणि थोड्या वेळाने सोमिलाला हात जोडले. पिंगलाला वाटले, आता भुई दुभंगावी. त्याने भीत भीत सुभगेकडे पाहिले.

ती म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. दाराची पितळी कडी तुम्ही फाल्गुनात विकलीत. कडी नसलेल्या दाराला द्वारपाल कोण ठेवतं?"

"मग व्रताला हो का म्हणालीस?"

"व्रत तुम्ही परवा काढलंत. मी आणि माधवी महिनाभर एकवेळ जेवतो आहोत. तुमच्या ताटात तूप पडावं म्हणून. निदान तीन दिवस सगळ्यांना सारखं झालं, एवढंच मला बरं वाटलं."

पिंगल रडला. रडताना त्याला जाणवले की छातीवरचे काहीतरी उतरले आहे आणि भूक भयंकर लागली आहे. घरधन्याने कर्ज कबूल केले की बसणाऱ्याचा उपास सुटत असे. घरात मूठभर तांदूळ होते. सुभगेने त्यांची पेज केली आणि सोमिलासह सगळ्यांनी ती वाटून घेतली. मंडनही बसला, कारण त्याला त्या धक्क्याने कसेसेच झाले होते.

खाऊन झाल्यावर सोमिलाने विचारले की महिन्याला किती देता येईल. पिंगलाने मोठा आकडा सांगितला. सोमिल म्हणाला, "लाज वाटणार नाही असा आकडा तुम्ही सांगितलात. देता येईल असा सांगा." पिंगल खाली उतरला. सुभगा आणखी खाली उतरली आणि तिचाच आकडा धरला गेला. आधी पोटापुरते दाणे, मग धनगुप्ताचा हप्ता, मग मेहुणा, असा क्रम ठरला. लाडवांची परात त्याच दिवशी विकायची ठरली. मेहुण्याकडे आणि सोयऱ्यांकडे पिंगलाने स्वतः जाऊन खरे सांगायचे, हेही ठरले.

सोमिल पेढीवर परतला आणि त्याने धनगुप्ताला घडले तसे सांगितले. घर हातचे गेले म्हणून धनगुप्त संतापला. सोमिलाने त्याला समजावले की त्या घराचे दार हत्ती आत येईल एवढे उंच आहे, असले घर विकत घेणार कोण? माणूस आत राहिला तर निदान हप्ता येईल. धनगुप्ताला हे पटले, पण त्याने अट घातली की ज्या महिन्यात हप्ता चुकेल त्या महिन्याचा सोमिलाचा पगार कापला जाईल. सोमिलाने ते मान्य केले. तुझ्यासारखी चार माणसे पेढीवर असती तर मलाच कुणाच्या तरी ओट्यावर बसावे लागले असते, असे धनगुप्त म्हणाला.

इकडे पिंगलासमोर कमाईचा प्रश्न होता. सुभगा म्हणाली, बैलांनाही पाठ असते. पिंगलाला हा घराण्याचा अपमान वाटला. पण दोन दिवसांनी तो हिरमुसल्या तोंडाने सुई घेऊन बसला आणि एका गाडीवानाच्या बैलासाठी त्याने झूल शिवली. हाताला हत्तीचेच माप बसलेले. झूल घातल्यावर बैल दिसेनासा झाला. ते चालते कापड बाजारातून निघाले, कुंभाराच्या मडक्यांत शिरले आणि तिथे खाली बसले. सगळा बाजार हसला. पिंगल घरी येऊन कोपऱ्यात बसला आणि म्हणाला, आता मी कुणाला तोंड दाखवू?

सुभगेने माळ्यावरून न खपलेली हत्तीची झूल काढली. लाल मखमल, कडेने मोती. तिने एक टोक स्वतः धरले, दुसरे माधवीच्या हातात दिले आणि कात्री पिंगलापुढे ठेवली. पिंगलाने बराच वेळ त्या झुलीवरून हात फिरवला. मग त्याने कात्री चालवली. एका झुलीतून अकरा बैलांच्या झुली निघाल्या. मडक्यांची गोष्ट गावोगाव गेलीच होती. तो झूलकार कोण, ते बघायला लोक येत आणि झूल घेऊन जात.

सगळेच काही गोड झाले नाही. सोयरे फुगून बसले आणि लग्न वर्षभर लांबले. मेहुणा दोन सण घरी आला नाही. एका पावसाळ्यात विक्री बसली आणि हप्ता निघेना. तेव्हा ते सांगायला पिंगल मुदतीच्या दोन दिवस आधीच धनगुप्ताच्या घरी जाऊन त्याच्या ओट्यावर बसला आणि वाट पाहू लागला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटले, धनगुप्ताने कुणाचे तरी थकवले आहे. हां हां म्हणता ओट्यासमोर माणसे जमली आणि धनगुप्ताकडे ठेव ठेवलेले दोघे काळजीने चौकशीला आले. धनगुप्त धावत बाहेर आला, त्याने पिंगलाला हाताला धरून आत नेले आणि तो काही बोलायच्या आत त्याला महिन्याची मुदत देऊन मागच्या दाराने बाहेर काढले. सोमिलाचा पगार मात्र अटीप्रमाणे कापला गेला. तो महिना त्याने काढला, आणि पिंगलाला त्याविषयी काही कळू दिले नाही.

कर्ज फिटायला सहा वर्षे लागली. राजा पुन्हा हत्तीवर बसला नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवन विहारात सांगितली. त्या दिवशी श्रावस्तीचा कुंडल नावाचा एक रंगारी उपदेश ऐकायला आला होता, पण तो सभेत न बसता आंब्याच्या झाडामागे उभा होता. पहिल्या रांगेत त्याचा सावकार महीधर बसला होता, आणि महीधर कथा ऐकताना सगळ्यांत मोठ्याने हसत होता. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा धनगुप्त म्हणजे आजचा हा महीधर. तेव्हाची सुभगा ही इथे बसलेली रंगाऱ्याची पत्नी. पिंगल झाडामागे उभा आहे. आणि सोमिल मीच होतो."

महीधराचे हसू थांबले. सगळ्यांच्या माना झाडाकडे वळल्या. मग कुंडल बाहेर आला, पत्नीच्या शेजारी येऊन बसला आणि महीधराने काही विचारण्याआधीच, हळू आवाजात, त्याने आपले सांगायला सुरुवात केली.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने आपला लाभ बाजूला ठेवला आणि दुसऱ्याला लाजेतून बाहेर काढून सत्यापर्यंत आणले. करुणेने सांभाळलेले हे सत्य, हीच त्याची सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.