राजाचं तोंड कुणी पाहिलं?

फार फार जुन्या काळची गोष्ट. लहानांनी मन लावून ऐकावी, आणि आपल्याला सगळं कळतं असं ज्यांना वाटतं त्या मोठ्यांनी जरा जास्तच मन लावून ऐकावी.

ढगांच्याही वर, उंच डोंगरांत एक राज्य होतं. तिथल्या राजाला लोक सूर्याचा लेक म्हणत. आता सूर्याकडे कुणी टक लावून बघतं का? मग त्याच्या लेकाकडे तरी कसं बघणार? म्हणून तिथे एक रीत होती. राजाला भेटायला जाणारा सेनापती का असेना, त्याने पाठीवर ओझं घ्यायचं, वाकून आत जायचं आणि वाकूनच बाहेर यायचं. राजा पडद्याआड बसे. खालून त्याचे पाय तेवढे दिसत. त्याचा हुकूमही दुसराच कुणीतरी मोठ्याने सांगे. राजाला हे भारी आवडायचं. कुणाला नाही आवडणार म्हणा.

या राजाला एक थोरला भाऊ होता. दोघं महालाच्या पडद्याआड, एका घोंगडीत झोपून वाढलेले. पण बाप गेला, गादी एकच होती, आणि भावाभावांत जुंपली. धाकटा जिंकला. थोरल्याला त्याने कोठडीत टाकलं.

अशात समुद्रावरून दाढीवाले परके आले. थोरल्याने कोठडीतून निरोप धाडला, "बाळा, गादी तुझीच. मला फक्त बाहेर काढ. या लोकांची लक्षणं बरी दिसत नाहीत. दोघं मिळून बघू."

राजाला वाटलं, हा डाव आहे. त्याने भावाला कोठडीतच गुपचूप मारायचा हुकूम दिला. तो लगेच पाळला गेला. त्या राज्यात हुकूम नेहमी लगेचच पाळला जाई.

मग परक्यांनी राजाला जेवायला बोलावलं. तो पालखीत बसून, शस्त्रं न घेता गेला. परक्यांनी त्याचे भोई, सेवक, जवळची सगळी माणसं चौकातच कापून काढली. राजाची वस्त्रं, दागिने उतरवून त्याला डांबून ठेवलं. आणि पुढे काय केलं असेल? रिकाम्या पालखीचे पडदे ओढले आणि ती गावोगाव फिरवून राजाच्या नावाने हुकूम सोडू लागले. लोक माना खाली घालून ऐकत राहिले.

एके दिवशी पहारेकऱ्यांचा डोळा चुकवून राजा पळाला. अनवाणी डोंगर चढत कसाबसा आपल्या सेनेच्या छावणीत पोचला. पालखीचा हुकूम त्याच्या आधीच पोचला होता. सैनिक शस्त्रं खाली ठेवत होते.

"थांबव हे," राजा सेनापतीला म्हणाला. "मी तुझा राजा आहे. पालखी रिकामी आहे."

सेनापती म्हातारा होता, मनाने चांगला होता. त्याने राजाला बसवलं, उकडलेले बटाटे खायला दिले. मग म्हणाला, "बाबा रे, तू खरं बोलतही असशील. पण मी जन्मभर राजापुढे वाकलो. मला त्याचे पाय तेवढे ठाऊक आहेत. ते मऊ होते. तुझे तर फुटून रक्ताळलेत."

"आणि माझा आवाज?"

"तो मी कधी ऐकलाच नाही. ज्याने राजाचं तोंड पाहिलंय असं एक माणूस आण. त्याने हो म्हणू दे, मी या क्षणी सगळ्यांच्या हातात शस्त्रं देतो."

"माझा थोरला भाऊ..." राजा बोलून गेला.

"मग बोलाव की त्याला. मी थांबतो."

राजाच्या हातातला घास हातातच राहिला. भावाने त्याला नुसत्या खोकण्यावरून ओळखलं असतं. आता कुठून आणायचा त्याला? राजा गुडघ्यांत तोंड घालून ढसाढसा रडला.

सेनापती खरंच थांबला. दिवस मावळेपर्यंत वाटेकडे डोळे लावून बसला. कुणी आलं नाही. मग त्याने उरलेली शस्त्रंही खाली ठेवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी परके आले. त्यांनी राजाला सगळ्यांदेखत मारलं, आणि एवढ्या मोठ्या सेनेतला एकही माणूस पुढे झाला नाही, कारण मरतोय तो कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. राज्यही गेलं.

एवढं ध्यानात ठेवा: आपल्याला ओळखणारं माणूस आपणच संपवलं, तर आपण कोण हे सांगायला जगात कुणी उरत नाही.