साहेबांच्या गाडीचा आवाज

वाळूचोरांना वेगाने गाठायचं म्हणून तहसीलदार अधिकराव घोरपडे यांनी स्वतःच्या गाडीला भारीतला सायलेन्सर बसवून घेतला. ॲक्सिलरेटरवर पाय टेकताच गाडी गुरगुरत उसळी घ्यायची आणि साहेब खूश व्हायचे. पण नदीवर पोचावं, तर दरवेळी चोर पसार झालेले.

एक दिवस ते चावडीत येऊन तलाठी वैजयंता ढोबळे यांच्यावर कडाडले, "धाडीची बातमी तुम्हीच फोडता! फोडत नसाल, तर फितूर कोण ते सांगा. नाहीतर निलंबनाला तयार राहा."

"सांगते, साहेब," वैजयंताबाई शांतपणे म्हणाल्या. "आधी ड्रायव्हरला गाडी पुलापर्यंत फिरवून आणायला सांगा."

ड्रायव्हर गेला. थोड्या वेळाने लांबून गुरगुर ऐकू आली, तसे साहेब ऐटीत म्हणाले, "आली बघा आपली गाडी!"

"अजून दिसतही नाही, तरी ओळखलीत?"

"अहो, असा आवाज तालुक्यात दुसऱ्या कुठल्या गाडीचा आहे का?"

"नाही ना, साहेब. वाळूवालेही हेच म्हणतात."

साहेब हसू आवरत म्हणाले, "बाई, तुमच्या स्कूटरवर मागे जागा आहे का?"

त्या संध्याकाळी नदीपात्रात वाळूने भरलेले दोन ट्रॅक्टर सापडले.