कासारणीने तीनदा विचारलं

एका राज्यात, जिथे पक्ष्यांना राजकारण कळायचं आणि प्रधानांना कळायचं नाही, तिथे कनकध्वज नावाचा राजा होता. राजा मांत्रिक होता. दरबारात तो इतका गोड बोले, की मुंग्या रांग लावून ऐकायला येत आणि बोलणं संपलं की रांगेनेच परत जात.

त्याच्या राणीचं नाव मंदारवती. तिच्या हातांत बांगड्या भरायला गोजरा कासारीण यायची. गोजरा साठीच्या पलीकडची, तोंडाने चालू आणि हाताने हलकी. बाईचा पंजा नुसता दाबला की तिला माप कळे, आणि त्या घरात कोण कोणाशी बोलत नाही तेही कळे. त्या राज्यात एक रीत होती. बाईचा एक हात भरला आणि दुसरा रिकामा असला, तर तिला बसल्या जागेवरून कोणी उठवायचं नाही, की दुसरा दागिना घालायचा नाही. राजानेसुद्धा नाही.

राणीच्या बांगड्या दर आठवड्याला वाढत. बांगडी फुटली असं तिथे म्हणत नसत, वाढली म्हणत. वाईटाला गोड नाव द्यायची त्या लोकांना भारी हौस. गोजरा तर खूश! शेजारणीला सांगे, "आमच्या राणीसाहेब म्हणजे लक्ष्मी गं! एवढ्या बांगड्या दुसरी कोण वाढवते?" तीन वर्षं ती अशी खूश होती. म्हातारी हुशार खरी, पण हुशारी बांगड्यांच्या पेटीत ठेवून गावभर हिंडत होती.

एका सकाळी तिने राणीचा पंजा दाबला आणि चरकली. पंजा दबेना. पाटल्या-तोड्यांच्या खालचा हात पिवळा, कडक आणि गारेगार.

"राणीसाहेब, हात का असा?"

"दारावर आपटला," राणी म्हणाली. तोंड हे म्हणत होतं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

कोपऱ्यात पिंजरा होता. त्यात एक साळुंकी होती, आणि तिची चोच सोन्याच्या तारेने करकचून बांधलेली. आता पक्ष्याची चोच कोण बांधतं? ज्याला पक्ष्याने पाहिलेलं आहे, तोच. गोजराने बांगड्यांचा दोरा कापायची कात्री काढली आणि तार कापली.

साळुंकी बोलली, "राजा मारतो. मारून झालं की रडतो. रडून झालं की दागिना आणतो आणि जिथे लागलं तिथेच घालतो. दागिन्याखालचं अंग सोन्याचं होतं. खजिन्यात दोन राण्या अशाच सोन्याच्या होऊन उभ्या आहेत. येत्या शुक्रवारी भर दरबारात तो हिला ठुशी घालणार. गळा सोन्याचा झाला की आवाज गेला, आणि ही तिसरी."

"आणि दारावर आपटल्याचं काय?"

"तो शाप. खरं सांगायला गेली की तेवढंच बाहेर पडतं."

"मग उतारा सांग, बाई!"

"तिला तीनदा विचारायचं, आणि तिसऱ्यांदा विचारून गप्प बसायचं. मग ज्यांनी पाहिलं, त्यांनी पाहिलं म्हणून चारचौघांत सांगायचं. मग तिने आपल्या पायांनी दरबाराचा उंबरा ओलांडायचा. कोणी ओढायचं नाही, कोणी उचलायचं नाही."

यातलं सगळ्यात अवघड काय, तर गोजराने गप्प बसणं. तरी तिने पदराचा बोळा दातांत धरायची तयारी केली आणि विचारलं, "महाराज मारतात का?"

"दारावर आपटला."

"राणीसाहेब, महाराज मारतात का?"

"तसे ते चांगले आहेत गं. माझंच चुकतं. त्या दिवशी भात निवला होता." हे काही शापाचं बोलणं नव्हतं. हे तिचं तिलाच खरं वाटत होतं.

"लेकी, तो मारतो का?" गोजराने विचारलं आणि पदर दातांत धरला. दोन डझन बांगड्या भरून होतील एवढा वेळ गेला. साळुंकीने एक पीससुद्धा हलवलं नाही.

"मावशी," राणी म्हणाली, "दार कुठलं आलंय? तोच मारतो. भात गरम असला तरी मारतो."

टक्कन आवाज झाला आणि राणीची करंगळी मऊ झाली.

"तुला खरं वाटतं ना माझं?"

"वाटतं हो! तुमच्या काचांवर तीन वर्षं खूश होणारी मीच. आता हसायचं तर मला हसा."

गोजरा आधी प्रधानांकडे गेली. प्रधान म्हणाले, "नवराबायकोच्या मधे मी पडत नाही. माझ्याच घरी मी कोपऱ्यात असतो." मग ती राजगुरूंकडे गेली. राजगुरूंनी सहनशीलतेवर इतकं लांब प्रवचन दिलं, की ते सहन करताना गोजराच सोन्याची व्हायची बाकी राहिली.

मग ती घाटावर चिमा परटिणीकडे गेली. चिमाने हातातलं लुगडं खाली ठेवलं. "रक्ताचे डाग मी धुते गं. पण मला वाटलं, एकटीलाच दिसतात."

तिथेच पाणी भरायला आलेली सगुणा वैदीण म्हणाली, "हळदीचे लेप मीच देते. मलाही वाटलं, मी एकटीच."

"झालं! तिघींच्या तीन तोंडांना एकच कुलूप," गोजरा म्हणाली. "आणि बाहेर पडली तर राहील कुठे ती?"

"माझ्याकडे," चिमा म्हणाली. "खोली लहान आहे, पण कडी आतून लागते."

शुक्रवार उजाडला. दरबार भरला, मुंग्या आल्या. राजा ठुशी घेऊन उठला, तर राणीपुढे गोजरा पेटी उघडून बसलेली. डावा हात भरून झालेला, उजवा रिकामा.

"आटप, म्हातारे."

"महाराज, मापच सापडेना. आधी हिरव्या भरू की लाल? प्रधानजी, तुम्ही सांगा, तुमच्या घरी काय चालतं?"

दरबार हसला. राजाला ठुशी घालता येईना, कारण रीत म्हणजे रीत. तेवढ्यात चिमा पुढे आली. "राणीसाहेबांच्या लुगड्यांवरचं रक्त मी धुतलंय."

सगुणा पुढे आली. "त्यांच्या पाठीला लेप मी लावलाय."

गोजरा म्हणाली, "आणि ह्या बांगड्या वाढत नव्हत्या. राजा फोडत होता. मला कळायला तीन वर्षं लागली."

राणीचे हात खांद्यापर्यंत मऊ झाले. ती आपली आपण उठली. पाय अजून सोन्याचे होते. खण्ण, खण्ण करत ती उंबऱ्याशी आली.

राजा मधाळ आवाजात म्हणाला, "मंदार, तुझ्यावाचून मला कोण आहे?" राणी थांबली आणि मागे फिरली.

कोणी तिला रागावलं नाही. गोजरा एवढंच म्हणाली, "आम्ही इथेच आहोत हो." राणी पुन्हा उंबऱ्याशी गेली.

"लोक काय म्हणतील?" राजा म्हणाला. राणी पुन्हा फिरली.

"बसा थोडं. घाई नाही," चिमा म्हणाली. राणी बसली नाही. तिसऱ्यांदा उंबऱ्याशी गेली.

आता राजाचा मध संपला. तो ओरडला, "पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन!"

तो त्याचा घरातला आवाज होता. खांब थरारले. मुंग्यांनी रांग मोडली आणि वाट फुटेल तिकडे पळाल्या. राणी मात्र वळून दरबाराला म्हणाली, "ऐकलंत ना? हेच ते दार, ज्यावर मी रोज आपटत होते."

आणि तिने उंबरा ओलांडला.

सगळे दागिने खळाळा गळून पडले. तिकडे खजिन्यात दोन सोन्याच्या राण्या शिंकल्या, अंग झाडून बाहेर आल्या, आणि थोरलीने पहिलं काय विचारलं? "जेवायला काय आहे?" राजाने खुलासा करायला तोंड उघडलं, तर त्यातून एवढंच निघालं, "दारावर आपटलो." न्यायसभेत विचारलं, तरी तेच. तीन राण्यांची साक्ष झाली आणि राजाला नदीपलीकडच्या गढीत बंद केलं. तिथल्या दाराला कडी बाहेरून आहे.

मंदारवती काही दिवस चिमाकडे पोटभर झोपली, मग गादीवर बसली. खजिना वितळवून तिने घाटावर शंभर खोल्या बांधल्या आणि प्रत्येकीला आतून सोन्याची कडी बसवली. जिला लागेल तिने यावं, परत कधी जाणार ते कोणी विचारायचं नाही.

राजगुरूंच्या प्रवचनाला हल्ली मुंग्यासुद्धा येत नाहीत. गोजरा मात्र दारोदार हिंडते. प्रत्येकीचा हात हातात घेते, तीनदा विचारते, आणि मग पदर दातांत धरून गप्प बसते.

तिच्या पेटीत बांगड्या उरल्या तितकी वर्षं ते राज्य सुखाने नांदलं, आणि पेटी काही अजून रिकामी झालेली नाही.