बेवारस पाइप

ऐन पौषात ओढ्याचं पाणी कोमट लागलं, तशी शाल्मली दचकून काठावर चढली. दर रविवारी ओढा साफ करणारी मंडळी हसली, "अगं, मगर नाही, पाणी आहे!" पण करंजाच्या मुळांआड एक पाइप लाल, वाफाळतं पाणी ओकत होता, आणि खालच्या अंगाला गावाची पिण्याची विहीर होती.

वर रंगाचा कारखाना एकच, रणधीररावांचा. निरोप गेला तसे ते आले, पण गाडीतून काही उतरले नाहीत. "पोरी, पाइपवर माझं नाव कोरलंय का? आमचा नाही तो. बदनामी केलीस तर कोर्टात खेचीन!"

शाल्मलीच्या तोंडचं पाणीच पळालं. तरी ती म्हणाली, "तुमचा नाही ना काका? मग बरंच झालं. बेवारस पाइप बुजवायला कुणाला विचारायचं? विमलकाकू, काठ बांधायचं सिमेंट इकडे आणा!"

काकूंनी घमेलं आणलं. पाइप बुजला की ते पाणी माघारी कुठे तुंबणार, हे रणधीररावांना सांगायला नको होतं.

"पाइप कुणाचा?" शाल्मली ओरडली. काकूंनी थापी भरली.

"शेवटचं विचारते, कुणाचा?"

गाडीचं दार धाडकन उघडलं. "थांबा, थांबा! माझा आहे!"